प्रगत साहित्यवर्गात बसताना या चुका टाळा

दहावीला मराठीत नव्वदच्या वर गुण मिळवलेल्या विद्यार्थ्याला आमच्या साहित्यवर्गातील पहिल्याच निबंधावर ‘पुन्हा लिहा’ असा शेरा मिळतो, तेव्हा त्याला अपमान झाल्यासारखे वाटते आणि घरच्यांना शिक्षक खडूस वाटतात. अकरावी-बारावीच्या वाचनाची ओढ असलेल्या मुलामुलींसाठी नियमित तासिकांखेरीज आम्ही हा वर्ग चालवतो. इतक्या वर्षांच्या अनुभवावरून सांगतो की येथील बहुतेक अडचणी बुद्धीच्या नसतात. वर्गाचे नियम कशासाठी आहेत हे लक्षात न घेता ते पाळले किंवा मोडले जातात आणि तेथून अडचणींना सुरुवात होते. या वर्गात शिक्षक अर्थ सांगत नाहीत. संहिता समोर उघडी ठेवून तो सर्वांनी मिळून शोधायचा असतो. बाकीचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघाले आहेत.

गाईड वाचून चर्चेला येणे

या चुकीचे लक्षण ओळखायला सोपे आहे. चर्चेच्या पहिल्या दहा मिनिटांत सर्वांत जास्त बोलणारा विद्यार्थी ‘हे कोणत्या ओळीत दिसते?’ असे विचारताच गप्प होतो. त्याने आशय वाचलेला असतो, कविता वाचलेली नसते. बोर्डाच्या कृतिपत्रिकेत रसग्रहणासाठी आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये असे मुद्दे दिलेले असतात; ते मुळात पाहण्याच्या दिशा आहेत, परंतु मुले त्यांचे तीन खण करतात आणि प्रत्येक खणात कोणत्याही कवितेला चालतील अशी वाक्ये भरतात. ‘संत जनाबाईंनी आपला भक्तिभाव साध्या, सोप्या व रसाळ भाषेत व्यक्त केला आहे’ हे वाक्य मी किती वह्यांमध्ये वाचले याची गणती नाही. त्यातले जनाबाईंचे नाव काढून दुसऱ्या कोणत्याही संतांचे घातले तरी वाक्य तसेच उभे राहते. जे वाक्य दुसऱ्या कवितेलाही बसते, ते या कवितेविषयी काहीच सांगत नाही.

यावर उपाय म्हणून मी विद्यार्थ्यांना आधी कवितेतील वस्तूंची यादी करायला सांगतो. जनाबाईंच्या अभंगांत जाते आहे, दळण-कांडण आहे, शेणी आहेत, आणि या कामांत हातभार लावायला स्वतः विठ्ठल येतो. यादी समोर आली की प्रश्न आपोआप सुचू लागतात. देव देवळात न भेटता जात्यापाशी का भेटतो? ज्या बाईचा दिवस दुसऱ्याच्या घरच्या कामात जातो, तिने देवाला खुंट्याला हात लावायला लावणे ही भक्ती आहे, तक्रार आहे, की दोन्ही? जात्यावरच्या ओव्या गाणाऱ्या बायकांचा सूर या रचनेत ऐकू येतो का? गंगाखेड परिसरातील ज्या मुलीने आजीला दळताना ऐकले आहे, तिला या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी कोणत्याही गाईडची गरज नसते. असे उत्तर कधी अर्धवट असते, कधी चुकीच्या बाजूला झुकलेले असते. तरी आम्ही त्याला गुण देतो, कारण ते संहितेतून आलेले असते.

आख्यायिका पुरावा म्हणून देणे

या चुकीला आमचा मराठवाडाच थोडा जबाबदार आहे. पैठण, आपेगाव, नरसी, तेर, अंबाजोगाई ही गावे अवतीभवती असल्याने संतांच्या कथा मुलांना पाळण्यापासून पाठ असतात. गोरोबाकाकांच्या, म्हणजे संत गोरा कुंभारांच्या, नावावरचे अभंग मोजकेच आहेत, पण त्यांतील एकाचेही विवेचन करायला सांगितले तर वहीत चिखल तुडवताना पायाखाली आलेल्या लेकराची कथा उतरते. ती कथा मनाला भिडते, मात्र अभंगात ती नसेल तर अभंगाच्या अर्थाचा आधार म्हणून ती चालत नाही. कथा सांगायचीच असेल तर ‘परंपरेने असे सांगितले जाते’ एवढे लिहून पुन्हा ओळींकडे यावे.

याच्या शेजारची आणखी एक चूक सनांची. शके आणि इसवी सन यांची सरमिसळ झाली की विद्यार्थी कवीला पाऊणशे वर्षे मागे नेऊन ठेवतो. शकात ७८ मिळवले की साधारणपणे इसवी सन मिळतो: ज्ञानेश्वरीचा शके १२१२ म्हणजे इ. स. १२९०.

हाताला लागेल ती आवृत्ती आणणे

‘पुस्तक आणले आहे ना, मग झाले’ हा समज तासिकेचा बराच वेळ खातो. एकाच्या पुस्तकात ओवीचा क्रमांक वेगळा, दुसऱ्याच्या झेरॉक्समध्ये चरणच गळालेला, तिसऱ्याच्या मोबाईलवर भलताच पाठ. त्यामुळे वर्षाच्या आरंभी सांगितलेलीच आवृत्ती आणावी, असा आमचा नियम आहे, आणि ज्यांना ती विकत घेणे परवडत नाही त्यांच्यासाठी ग्रंथालयात तिच्या जास्तीच्या प्रती ठेवलेल्या असतात. हा हट्ट जुना आहे आणि आमच्याच मातीतला आहे. पोथ्या उतरवून घेणाऱ्यांच्या हातून ज्ञानेश्वरीत पाठभेद शिरले होते, म्हणून एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि जो तिच्यात आपली ओवी घालील तो अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवील असे बजावले.

अलीकडे या नरोट्या मोबाईलमधून येतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला रसग्रहण मागितले की ते सफाईदार मराठीत उत्तर देते, आणि कवितेत मुळीच नसलेली ओळ कवीच्या नावावर तितक्याच आत्मविश्वासाने उद्धृत करते. अशी ओळ निबंधात सापडली तर तो निबंध रद्द होतो. संशय आला तर शिक्षा करण्याआधी विद्यार्थ्याला त्याच्याच निबंधातील दोन वाक्ये तोंडी समजावून सांगायला लावतो. ज्याने स्वतः लिहिले आहे तो अडखळत का होईना, सांगतो. गाईडमधून, मित्राच्या वहीतून किंवा ताईच्या जुन्या प्रकल्पातून उतरवलेल्या मजकुरालाही हाच नियम लागू आहे. फक्त यंत्रालाच दोष देण्यात अर्थ नाही.

बोलीची लाज बाळगणे

‘मी जायलालो’ असे तोंडातून गेले की जीभ चावणारी मुले चर्चेत बोलायचेच टाळतात आणि त्यांचे मौन तयारी नसल्याचे लक्षण समजले जाते. चर्चेत बोली चालते, हे मी पहिल्याच दिवशी सांगतो. लेखनात प्रमाणभाषा अपेक्षित आहे. मात्र कथेतील पात्राचे बोलणे उद्धृत करताना ते ‘शुद्ध’ करून लिहिणे हीसुद्धा चूक आहे आणि तिचे गुण कापले जातात, कारण लेखकाने ती बोली विचारपूर्वक योजलेली असते.

उपस्थिती आणि मुदत

निबंध ज्या दिवशी द्यायचा असतो त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यातील उतारे वर्गात वाचले जातात. म्हणून उशिरा आलेल्या निबंधाचे गुण कमी होतात. अडचण असेल तर मुदतीच्या आधी सांगावे. सोयाबीनच्या काढणीला किंवा कापूस वेचणीला घरी हात कमी पडतात, ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांमागे धाकट्या भावंडांना सांभाळावे लागते, हे आम्हांला ठाऊक आहे आणि अशा वेळी मुदत वाढवून मिळते. सुरुवातीच्या काळात माझ्याच हातून एक चूक झाली. एसटीने येणाऱ्या एका मुलीची मी महिनाभर अनुपस्थिती लावत राहिलो आणि तिच्या गावाची गाडीच तासिकेनंतर पोहोचते हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळले. तेव्हापासून वेळापत्रक ठरवण्याआधी मी गाड्यांच्या वेळा विचारून घेतो. नीट आणि सीईटीच्या क्लासचे कारण मात्र या सवलतीत बसत नाही. ते वेळापत्रक वर्षभर आधी ठाऊक असते.

पालकांचा आक्षेप चुकीच्या टप्प्यावर येणे

दलित आत्मकथनांतील जातिवाचक शब्द किंवा शिव्या मुलाच्या वहीत दिसल्या की काही पालक थेट प्राचार्यांकडे जातात. मिलिंद महाविद्यालय १९५० मध्ये आजच्या छत्रपती संभाजीनगरात सुरू झाले आणि त्या परिसरात शिकलेल्या पिढ्यांनी दलित साहित्याला मोठे बळ दिले. ते लेखन वगळून मराठवाड्यातील मुलांना आधुनिक मराठी साहित्य शिकवता येणार नाही. तरीही आक्षेप घेण्याचा पालकांचा अधिकार आम्ही मानतो. त्यासाठी वर्षाच्या सुरुवातीला पुस्तकांची यादी घरी पाठवली जाते. त्या यादीतील एखाद्या पुस्तकावर हरकत असेल तर पालकांनी अधोरेखित केलेले पान वाचून न थांबता संपूर्ण पुस्तक वाचावे आणि पंधरा दिवसांच्या आत लेखी कळवावे. त्यानंतर त्यांच्या पाल्याला तितक्याच तोलाचे दुसरे पुस्तक दिले जाते, त्यावरचा निबंध त्याच मुदतीत घेतला जातो आणि बाकीच्या वर्गाचे पुस्तक बदलले जात नाही.