लिव्हरपूलला जाताय? बीटल्स झाले की इथेही एक चक्कर टाका

आपली मंडळी लिव्हरपूलला जातात, अल्बर्ट डॉकला बीटल्स या बँडचं म्युझियम बघतात, फोटो काढतात नि संध्याकाळच्या ट्रेनने परत. तिथून नदीकाठाने दहाएक मिनिटं चाललं की पिअर हेडला ब्रिटिश म्युझिक एक्सपिरियन्स हे संगीताचं म्युझियम आहे, पण तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. घरात बीटल्सवेडे नसतील तर मी आधी हेच करा म्हणेन.

लाइम स्ट्रीट स्टेशनवरून चालत वीसेक मिनिटं लागतात, पण सोबत आईबाबा असतील तर सरळ मर्सीरेल ही लोकल पकडून जेम्स स्ट्रीटला उतरा. बाहेर पडताना छत्री उघडू नका, मर्सी नदीवरचा वारा ती उलटी करतो (आमची केलीच). तिकीट आणि सुट्टीचा वार निघण्याआधी साइटवर बघा. म्युझियम क्युनार्ड बिल्डिंगमध्ये आहे, अटलांटिकपार बोटी सोडणाऱ्या कंपनीची ही जुनी कचेरी, त्यामुळे आत शिरल्यावर आधी मान वर करून छत बघून घ्या.

१९४५ पासूनचं ब्रिटिश पॉप इथे मांडलंय, म्हणजे मजकूर भरपूर. सगळ्या पाट्या वाचायला गेलात तर सत्तरच्या दशकापर्यंतच पाय बोलायला लागतील, म्हणून बोवी, स्पाइस गर्ल्स वगैरे गायकांचे कपडे बघत पुढे सरका. पण एका साध्या दारापाशी थांबा. लंडनच्या ३, सॅव्हिल रो इथल्या बीटल्सच्या ऑफिसचं हे खरं दार, आणि त्याच इमारतीच्या गच्चीवर ३० जानेवारी १९६९ ला त्या चौघांनी शेवटचं जाहीर वाजवलं, खाली रस्त्यावर गर्दी, मग पोलीस आले वगैरे. मुलं सोबत असतील तर क्वीन बँडचा विषय निघाल्यावर सांगून टाका की त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलाय, एकदम कान टवकारतात.

अर्धा तास मात्र वाद्यांसाठी राखून ठेवा. गिटार, ड्रम, कीबोर्ड, सगळं स्वतः वाजवायला मिळतं आणि येत नसलं तरी कुणी हसत नाही. आमच्या आईने आयुष्यात पहिल्यांदा ड्रमच्या काड्या हातात घेतल्या नि थेट आरतीचा ठेका धरला, शेजारचा गोरा पोरगा दोन मिनिटांत गिटारवर जुळवायला लागला, मग आईला तिथून उठवणं अवघड.

बाहेर पडलात की समोरच बीटल्सच्या चौघांचे पुतळे आहेत, फोटोला रांग असते, तेवढी धरा.