उताराच्या छपरावर चिमणीचं काम: दोर कशाला बांधायचा आणि कशाला अजिबात नाही

सगळ्यात आधी हे सांगतो कारण बाकी सगळं यावरच उभं आहे, चिमणीला दोर बांधायचा नाही. वर पोचलं की छपरावर भक्कम दिसणारी, हाताला येणारी एकच गोष्ट असते ती म्हणजे चिमणी, त्यामुळे हात आपोआप तिकडेच जातो आणि दोराचा फासही तिच्याभोवतीच पडतो. पण आपण वर चढलोय कशाला? बहुतेक वेळा तीच खराब झालीये म्हणून ना. वर्षानुवर्षं आतून धुरातली ओल आणि गंधकाचे क्षार विटांच्या सांध्यात मुरतात, बाहेरून पाऊस, ऊन, थंडी, आणि सांध्यातला माल हळूहळू भुसभुशीत होत जातो. जी बाजू पावसाने जास्त भिजते तिकडचे सांधे फुगतात आणि अख्खी चिमणी किंचित कलते. खालून सरळ दिसते, वर जाऊन हात लावला की वीट हलते. अशा चिमणीला माणसाचा पडतानाचा झटका बसला तर माणूस तर पडतोच, वरून विटाही त्याच्याच अंगावर येतात.

मग पुढचा प्रश्न, खरंच वर जायचंच आहे का? नुसती काजळी काढायची असेल तर सांध्यांचे दांडे जोडून खालून, शेगडीच्या बाजूने ब्रश वर सरकवता येतो. तडा गेलाय का एवढंच बघायचं असेल तर दुर्बीण, लांब काठीवर लावलेला कॅमेरा किंवा ड्रोन पुरतो, फोटो मोठा करून बघा. आणि विटा काढायच्या, वरचा भाग नव्याने बांधायचा, वरची मातीची नळी बदलायची असं काम असेल तर माझं मत स्पष्ट आहे, चिमणीभोवती परांची बांधून घ्या, कठडा आणि खाली पायपट्टी असलेली. शिडीवर लटकून एका हाताने वीट आणि दुसऱ्या हाताने थापी असं काम होतच नाही, दोन्ही हात कामात गुंतले की तोल सांभाळायला काही उरत नाही. परांचीचा खर्च जास्त वाटतो खरा पण तासाभरापेक्षा मोठं काम असेल तर ती लागतेच असं धरून चला.

छोट्या कामाला, म्हणजे टोपी बसवणं, जाळी लावणं, एखादा सांधा भरणं, यासाठी दोन शिड्या लागतात. एक जमिनीवरून वळचणीपर्यंत जाणारी आणि दुसरी छपराच्या उतारावर वरपासून खालपर्यंत टेकणारी, जिच्या वरच्या टोकाला मोठा आकडा असतो. जमिनीवरच्या शिडीचं माप सोपं आहे, ४ मीटर उंचीला पाया भिंतीपासून १ मीटर बाहेर, म्हणजे साधारण ७५ अंशाचा कोन. वरचं टोक वळचणीच्या वर निदान १ मीटर निघालं पाहिजे, नाहीतर छपरावर पाय टाकताना आणि परत शिडीवर येताना हातात धरायला काही राहत नाही, आणि पडायचा सगळ्यात मोठा धोका नेमका त्याच पावलाला असतो. टोक बांधून टाका, खाली पायाही घट्ट करा. शिडी पन्हळीवर टेकवू नका, प्लॅस्टिकची पन्हळ तर वाकतेच पण धातूची असली तरी शिडी तिच्यावरून बाजूला सरकते, त्यासाठी भिंतीवर टेकणारा वेगळा आधार मिळतो तो लावा. जवळून विजेची तार जात असेल तर अ‍ॅल्युमिनियमची शिडी उभीच करू नका, तारेला हात लागला नाही तरी वीज उडी मारून येऊ शकते.

छपरावरच्या शिडीच्या आकड्याला बहुतेक वेळा चाकं असतात. चाकं खाली ठेवून ती कौलांवरून आढ्यापर्यंत ढकलत न्यायची आणि मग उलटी करून आकडा आढ्यापलीकडे टाकायचा. आकड्याचा भार पलीकडच्या उतारावर पडला पाहिजे, आढ्यावरच्या कौलांवर नाही, कारण ती कौलं नुसती मसाल्यात बसवलेली असतात, जुनी असली की उचलूनच येतात. शिडीची लांबी आढ्यापासून वळचणीपर्यंत पूर्ण हवी. दोन तुकडे दोरीने जोडून लांबी भरून काढायची असले प्रकार नकोत. शिडी सोडून कौलांवर चालायचं तर अजिबात नाही, सुकं शेवाळ पायाला कळतही नाही आणि पहाटेचं दव असेल तर तीच जागा साबणासारखी होते. सिमेंटचे जुने पत्रे किंवा उजेडासाठीचे पारदर्शक पत्रे असतील तर ते माणसाचं वजन घेत नाहीत, त्यावर पाय टाकायचाच नाही, वरून रंग मारलेला असला की ते ओळखूही येत नाहीत म्हणून आधी खालून, माळ्यातून बघून घ्या.

आता हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचे ते पट्टे ज्यांना दोर अडकवतात. कमरेचा पट्टा नको, पूर्ण अंगाचा हवा, पडल्यावर झटका मांड्यांवर आणि खांद्यांवर वाटला जातो तो. पण हार्नेस घातला म्हणजे वाचलो असं समजू नका, हिशोब करा. लॅनयार्ड, म्हणजे हार्नेसला जोडलेला आखूड दोर, २ मीटर, झटका शोषणारी पट्टी उलगडली की आणखी जवळजवळ पावणेदोन मीटर, पाठीच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर आणि पायाखाली १ मीटर शिल्लक हवी. म्हणजे दोर जिथे बांधलाय तिथून खाली सव्वासहा मीटर मोकळी जागा लागते! एकमजली घराला तेवढी जागाच नसते, दोर ताणला जायच्या आधी माणूस जमिनीवर आदळतो. म्हणून दोर इतका आखूड ठेवा की कडेपर्यंत पोचताच येणार नाही. मात्र उतार इतका तीव्र असेल की दोराशिवाय उभंच राहता येत नाही तर एका दोरावर भागवू नका, पायाखाली शिडी हवी आणि पडल्यावर धरणारा दुसरा, स्वतंत्र ठिकाणी बांधलेला दोर हवा.

आणि बांधायचं कशाला, तर छपराच्या वाशाला, रीपेला नाही. रीप ही कौलं धरण्यापुरतीच असते. वाशाला पक्का बसवलेला, त्याच कामासाठी बनवलेला अँकर, म्हणजे दोर अडकवायचा पक्का आधार हवा, युरोपात त्याची चाचणी १२ किलोन्यूटन ताणाला करतात म्हणजे ढोबळमानाने १२०० किलोचं ओझं, यावरून पडणाऱ्या माणसाच्या झटक्याचा अंदाज घ्या. काही जण आढ्यावरून दोर पलीकडे सोडून खाली उभ्या गाडीला बांधतात, ते कधीच करू नका, कोणी गाडी सुरू करून निघालं तर वरच्या माणसाला ओढूनच नेईल. अँकर शक्यतो तुमच्या बरोबर वरच्या रेषेत असावा, बाजूला असला तर पडल्यावर माणूस झोका घेऊन भिंतीवर आपटतो. दोर जिथे धारेवरून जातो, पत्र्याची कड, विटेचा कोपरा, तिथे जाड आवरण घाला.

चिमणीतल्या धुराचा विचार लोक करतच नाहीत. चूल, शेगडी, बॉयलर सगळं आदल्या दिवशीच बंद करा, आणि एका चिमणीत बऱ्याचदा दोन-तीन नळ्या असतात, त्यातली एखादी शेजारच्या घराचीही असू शकते तर त्यांनाही सांगा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं हलकं होतं, चक्कर येते, आणि उतारावर चक्कर येणं म्हणजे काय ते सांगायला नको.

वारा ताशी ३० किलोमीटरच्या आसपास गेला, म्हणजे लहान झाडं डोलायला लागली, की काम थांबवा. खाली उभं राहून वारा कमी वाटतो, आढ्यावर तो जास्तच असतो आणि हातात पत्र्याची टोपी असेल तर तीच माणसाला ओढते. हत्यारं दोरीने पट्ट्याला बांधा, विटा बादलीतून दोराने खाली सोडा, फेकू नका, आणि खालची जागा दोरी लावून बंद करा म्हणजे पोरं, कुत्री, शेजारी कोणी मध्ये येणार नाही. हेल्मेटला हनुवटीचा पट्टा हवाच, वाकल्यावर पडणारं हेल्मेट काही कामाचं नाही.

एकट्याने कधीच नाही. खाली उभ्या माणसाला नुसतं लक्ष ठेव म्हणून चालत नाही, कोणी लटकलं तर खाली कसं आणायचं हे दोघांनी आधी बोलून, साहित्य तयार ठेवून मगच वर जायचं. हार्नेसमध्ये न हलता लटकलेल्या माणसाचं रक्त पायात साठतं आणि काही मिनिटांतच शुद्ध जाऊ शकते, अग्निशमन दल यायची वाट बघण्याइतका वेळ नसतो. फोन लगेच करायचाच, पण सोडवायचं काम त्याच क्षणी सुरू झालं पाहिजे. हार्नेसला पायात अडकवायचे फास जोडून ठेवले तर लटकलेला माणूस त्यात उभा राहून पायांवरचा ताण कमी करू शकतो.

उतरताना घाई होते, हात थकलेले असतात, बुटांना काजळी आणि ओला माल लागलेला असतो. तळवे छपराच्या शिडीवरच पुसून घ्या, जमिनीच्या शिडीवर दोन्ही पाय आणि एक हात पक्का बसल्यावरच दुसऱ्या हाताने दोराची कडी काढा, आणि दोन्ही हात मोकळे ठेवूनच खाली या, सामान दोराने नंतर येईल. खाली आल्यावर हार्नेसच्या पट्ट्या बोटांनी चाचपून बघा, कापलेला धागा, कडक झालेला भाग, गंजलेली कडी दिसली तर बाजूला काढा, आणि ज्या हार्नेसने एकदा पडणाऱ्या माणसाला धरलंय तो वरून कितीही चांगला दिसला तरी कापून टाकायचा म्हणजे चुकून दुसरं कोणी घालणार नाही.