घरासाठी प्रोजेक्टर निवडताना: सोलापुरातील खोली, ऊन आणि धूळ

चित्रपट आणि क्रिकेटचे सामने या दोन्हींसाठी एकच प्रोजेक्टर घ्यायचा असेल, तर नवी पेठेतील दुकाने पालथी घालण्यापूर्वी आपली खोली मोजून घ्यावी. भिंतीवर कागदी चिकटपट्टीने सव्वासात फूट रुंद आणि चार फूट एक इंच उंच अशी चौकट आखावी. १०० इंची (कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपा मोजलेला) पडदा साधारण एवढाच असतो. दहा ते तेरा फुटांवर बसून पाहणाऱ्यांना तो शोभतो. सोफा आठ फुटांवरच असेल, तर ८० इंच पुरेत.

त्यानंतर प्रोजेक्टर जिथे बसवायचा तिथून भिंतीपर्यंतचे अंतर मोजून त्याला पडद्याच्या रुंदीने भागावे. अंतर ११ फूट असल्यास उत्तर सुमारे १.५ येते. माहितीपत्रकातील ‘थ्रो रेशो’च्या मर्यादेत हे उत्तर बसत नसेल, तर ते यंत्र कितीही नावाजलेले असले तरी आपल्या उपयोगाचे नाही. ‘कीस्टोन’ने तिरपे चित्र सरळ होते या भरवशावर यंत्र कोपऱ्यात ठेवू नये, कारण त्यात पिक्सेल वाया जातात आणि चित्राची धार बोथट होते.

खरा पेच उजेडाचा आहे. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. पडद्यावरचा काळा भाग म्हणजे जिथे प्रकाश पडलेला नाही तो भाग, त्यामुळे खोलीत जेवढा उजेड असेल त्याहून काळे काहीही दिसणार नाही. चित्रपटातील रात्रीचे प्रसंग यातच मार खातात, हिरवेगार मैदान मात्र थोड्या उजेडातही तग धरते. आयपीएलचा साडेसातचा सामना सुरू होईपर्यंत बाहेर अंधार पडलेला असतो, पण साडेतीनचा सामना ऐन उन्हातला. म्हणून एखाद्या दुपारी खिडकीवर सोलापुरी चादर दुहेरी करून टांगावी आणि आत वर्तमानपत्र उघडावे. बारीक अक्षरे सहज वाचता येत असतील, तर आधी जाड पडद्यांवर खर्च करावा, मग यंत्रावर.

पूर्ण अंधारात १०० इंची पडद्यावर प्रत्यक्षात सुमारे ५०० ल्युमेन्स (प्रकाश मोजण्याचे एकक) पोहोचले तरी चित्रपटगृहासारखा प्रकाश मिळतो. दिवे सुरू ठेवून सामना पाहायचा, तर त्याच्या तिप्पट लागतो. चित्रपटाच्या मोडमध्ये अनेक यंत्रांचा प्रकाश बराच घटतो आणि दिवा जुना होत जातो तसा तो आणखी मंदावतो, म्हणून माझ्या मते अंधाऱ्या खोलीसाठी १,५०० आणि उजेडाच्या खोलीसाठी ३,००० ल्युमेन्सचे यंत्र पाहावे. हा आकडा ‘एएनएसआय’ किंवा ‘आयएसओ’ या प्रमाणित पद्धतीने मोजलेला असला पाहिजे. स्वस्त यंत्रांच्या खोक्यावर नुसतेच ‘९,००० ल्युमेन्स’ छापलेले असते. त्यावर विसंबू नये. ‘फोर-के सपोर्टेड’ याचा अर्थही यंत्र फोर-के संकेत स्वीकारते एवढाच. चित्राचे मूळ, म्हणजे नेटिव्ह, रिझोल्यूशन किमान १९२० × १०८० आहे की नाही, हे वेगळे विचारावे.

सोलापुरात उष्णतेकडे दुर्लक्ष करणे महागात पडते. बहुतेक प्रोजेक्टर ३५ ते ४० अंशांपर्यंतच्या हवेत चालण्यासाठी बनवलेले असतात, आणि मे महिन्यात वरच्या मजल्यावरील खोलीत स्लॅबखाली साचणारी गरम हवा ती मर्यादा सहज गाठते. छताला टांगण्यापूर्वी नेमक्या त्या उंचीवर, दुपारी चारच्या सुमारास, तापमापक धरून पाहावा. आकडा ३५च्या वर गेला, तर यंत्र भिंतीवरच्या फळीवर खाली घ्यावे आणि हवा बाहेर टाकणाऱ्या जाळीसमोर हातभर जागा मोकळी सोडावी. माळवदाच्या जुन्या घरांत जाड भिंतींमुळे गारवा आणि अंधार आयताच मिळतो, परंतु तिथे छताला वजन टांगण्याचा विचारही करू नये, फळीच बरी.

धुळीचा विचार तंत्रज्ञान निवडताना करावा. ‘थ्री-एलसीडी’, म्हणजे तीन एलसीडी पट्ट्यांतून चित्र बनवणाऱ्या, यंत्रांचे रंग उजळ असतात, मात्र त्यांची हवा गाळणारी जाळी नियमित झाडावी लागते. सूक्ष्म आरशांच्या एका चिपवर चालणाऱ्या ‘डीएलपी’ यंत्रांत धूळ आत शिरण्याची शक्यता कमी, पण रंगचक्र (एकामागून एक रंग टाकणारी फिरती चकती) असलेल्या यंत्रात चेंडूमागे कॅमेरा वेगाने फिरताना काहींना इंद्रधनुषी रेघा दिसतात. घरातील सर्वांनी स्वतः पाहूनच निर्णय घ्यावा. वीज अचानक गेल्यावर दिव्याच्या यंत्राचा पंखा थांबतो आणि तापलेल्या दिव्याला इजा पोहोचू शकते, त्यामुळे ते यूपीएसवर चालवावे. दिव्याऐवजी लेझरवर चालणारे यंत्र महाग, पण साधारण २०,००० तास चालते. रोज सामने पाहणाऱ्यांनी तेच घ्यावे.

चित्रातील हालचाल गुळगुळीत करणारी सोय सामन्यासाठी सुरू आणि चित्रपटासाठी बंद ठेवता यावी. आवाजासाठी स्पीकर शक्यतो तारेने जोडावा. ब्लूटूथवर चेंडू बॅटला लागलेला आधी दिसतो आणि ठोका नंतर ऐकू येतो.

दुकानात दिवे मालवायला सांगून एक अंधारा प्रसंग आणि एक सामना, दोन्ही पाहावेत. दिव्याची वॉरंटी यंत्राच्या वॉरंटीपेक्षा बहुधा कमी असते; ती बिलावर वेगळी लिहून घ्यावी, आणि दुरुस्ती सोलापुरातच होते की यंत्र पुण्याला पाठवावे लागते, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे.