शेतातलं सोयाबीन ताटात आणायचं कसं

आमच्या लातूरकडं दिवाळीच्या आसपास कुणाच्याही घरी जा, ओसरीत सोयाबीनची पोती असतातच आणि त्याच घरात "सोयाबीन खाल्लेलं चालतं का हो" हा प्रश्न पण असतो. पोती आडतीवर जातात, तेल निघतं, पेंड कोंबड्यांना जाते आणि आपण दुकानातून वड्यांचं पाकीट आणतो, हे बघून मला खरंच वाईट वाटतं. चालतं, आणि चांगलंच आहे. तूरडाळीत १०० ग्रॅमला २२ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, सोयाबीनमध्ये ३६ ते ४०, शिवाय त्या प्रोटीनचा दर्जा दूध-अंड्याच्या जवळ जाणारा. फक्त ते नीट शिजवून खायचं, आणि दाणा कुठला आहे ते बघून खायचं.

दाण्याचं आधी सांगते कारण यात चूक झाली तर बाकीचं काहीच कामाचं नाही. पेरणीतून उरलेलं बियाणं कधीच खायला घ्यायचं नाही. त्याला बुरशीनाशक, कीटकनाशक लावलेलं असतं, बहुतेक वेळा गुलाबी-लाल रंग दिसतो, आणि धुतलं तरी ते जात नाही, अगदी रंग फिका झाला तरी नाही. दुसरं म्हणजे परतीच्या पावसात गंजी भिजली असेल तर त्यातला काळपट, बुरशी आलेला दाणा घरात ठेवू नका. राशीतून खाण्यासाठी पाच-दहा किलो चांगलं पिवळं, कोरडं सोयाबीन आधीच बाजूला काढून ठेवायचं, चाळून, खडे निवडून.

आता कच्च्याचं. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी दहा किलो गव्हात दोन किलो सोयाबीन नुसतं निवडून टाकलं आणि दळून आणलं. पोळीला कडवट, हिरव्या शेंगेसारखा वास, आणि सासऱ्यांचं पोट दोन दिवस गच्च, सारखा गॅस, शेवटी सगळं पीठ म्हशीच्या आंबोणात गेलं. कारण कच्च्या दाण्यात ट्रिप्सिन इनहिबिटर नावाचा घटक असतो, तो आपल्या पोटातलं प्रोटीन पचवायचं काम अडवतो, आणि पोळी तव्यावर असते किती वेळ, तेवढ्यात तो पूर्ण जात नाही. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेनं एनआरसी १२७ नावाची जात काढलीय तिच्यात त्यातला मुख्य प्रकार नसतो, पण आपल्याकडं शेतात जेएस ३३५ नाहीतर फुले संगम, म्हणजे उकळायला लागणारच.

दळणासाठी मी आता असं करते. एक किलो सोयाबीनला तीन लिटर पाणी आधी खळखळ उकळून घ्यायचं आणि मग त्यात धुतलेलं सोयाबीन सोडायचं, गार पाण्यात टाकून तापवत बसायचं नाही, कारण तो जो कच्चट वास असतो ना तो दाणा भिजून फुटल्यावर तयार होतो आणि एकदम उकळत्या पाण्यात टाकलं की तो व्हायच्या आधीच थांबतो. २५ ते ३० मिनिटं उकळू द्या, फेस वर येतो, मोठं भांडं घ्या. एक दाणा चावून बघायचा, कच्चा असेल तर मेणासारखा दाताला चिकटतो आणि कडू लागतो, झाला असेल तर उकडलेल्या शेंगदाण्यासारखा लागतो. मग पाणी ओतून टाकायचं, कापडावर पसरून दोन-तीन कडक उन्हं द्यायची, इतकी की दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. नऊ किलो गव्हाला हे एक किलो. नुसतं सोयाबीन गिरणीवाला दळून देत नाही, त्यात १८ ते २० टक्के तेल असतं आणि पीठ दगडाला चिकटतं, गव्हात मिसळूनच न्या. त्याच तेलामुळं पीठ लवकर खवट होतं म्हणून दळण पंधरा दिवसांपुरतंच करायचं, उन्हाळ्यात आठवड्याचं.

उसळ करायची तर रात्रभर भिजवा, सकाळी ते पाणी फेकून द्या, दाणे चोळून टरफलं काढा आणि कुकरला पाच-सहा शिट्ट्या. कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, टरफलं फेसाबरोबर वर येऊन शिट्टीचं भोक बंद करतात. पहिल्यांदा करणाऱ्यांनी अर्धी मटकी अर्धं सोयाबीन घ्यावं, पोटाला पण सवय होते. वरून लिंबू पिळाच, त्यानं लोह अंगाला लागतं, आणि जेवल्याजेवल्या चहा नको.

वड्या म्हणजे तेल काढून उरलेल्या पिठाच्या, त्यात प्रोटीन अजून जास्त, कोरड्या १०० ग्रॅमला ५० च्या वर. माणशी मूठभर, २५-३० ग्रॅम कोरड्या बास. मिठाच्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं, मग गार पाण्यात दोन-तीनदा घट्ट पिळून घ्यायच्या, नाहीतर रश्श्याला तो वास राहतो.

घरी सोया दूध काढणाऱ्यांसाठी एकच, पण महत्त्वाचं. गॅसवर ठेवलं की ते लवकरच भसकन फुगून वर येतं, आपल्याला वाटतं उकळलं. ते उकळणं नसतं, फेस असतो. गॅस बारीक करून हलवत पुढं चांगली १५-२० मिनिटं उकळायचं. विकतचं घेतलं तर कॅल्शियम घातलेलं आहे का बघा. सोया सॉस मात्र यात धरू नका, ते मीठच आहे.

आता पुरुषांच्या भीतीचं. सोयाबीनमध्ये आयसोफ्लेवोन असतात, इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनशी थोडे मिळतेजुळते पण फार कमजोर, तेवढ्यावरून पोरं बायकी होतात असं पसरलं. अमेरिकेतली एक केस २००८ मध्ये छापून आली होती, साठीच्या एका माणसाची छाती वाढली होती, पण तो रोज जवळजवळ तीन लिटर सोया दूध पीत होता आणि बंद केल्यावर त्रास गेला. २०२१ मध्ये ४१ अभ्यास एकत्र करून तपासलं तर टेस्टोस्टेरॉन या पुरुषांच्या हार्मोनवर फरक दिसला नाही. स्तनाच्या कॅन्सरबद्दल पण बायका घाबरतात. शांघायमध्ये हा आजार होऊन गेलेल्या ५,००० वर बायकांचा अभ्यास २००९ मध्ये आला, त्यात सोयाचे पदार्थ जास्त खाणाऱ्यांमध्ये आजार परत येण्याचं प्रमाण उलट कमी दिसलं. तो जेवणातल्या सोयाचा होता, आयसोफ्लेवोनच्या गोळ्या ही वेगळी गोष्ट, त्या स्वतःच्या मनानं घेऊ नका. आणि जीएमची, म्हणजे जनुकं बदललेल्या बियाण्याची, शंका असेल तर आपल्या देशात जीएम सोयाबीन पेरायला परवानगीच नाही.

कोणी जपायचं तेही नीट ऐका. सोयाची ॲलर्जी खरी असते, अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले तर परत देऊन बघायचं नाही आणि श्वास लागला तर थेट दवाखाना. वर्षाच्या आतल्या बाळाला अंगावरच्या दुधाच्या जागी घरचं सोया दूध कधीच नाही. किडनीचा आजार असेल किंवा सारखे मुतखडे होत असतील तर डॉक्टरला विचारून किती ते ठरवा. आणि थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी सोयाबीन सोडायची गरज नाही, फक्त ते गोळीचं शोषण कमी करतं म्हणून मधे चार तासांचं अंतर ठेवायचं. माझ्या आईची गोळी सकाळी सहाला असते, म्हणून तिच्या आठच्या नाश्त्याला ज्वारीची भाकरी आणि सोयाच्या पिठाची पोळी थेट दुपारच्या जेवणात.