कॅप्सूलमधून आलेली छोटी यंत्रे जोडताना आणि रंगवताना या चुका टाळा

नाणे टाकून दांडा फिरवला की प्लास्टिकच्या गोल डबीत, म्हणजे कॅप्सूलमध्ये, बंद केलेले खेळणे बाहेर टाकणारी यंत्रे जपानमध्ये १९६५ साली आली. १९७७ साली बांदाई ही कंपनी या व्यवसायात उतरली आणि दांडा फिरवतानाचा ‘गाशा’ व कॅप्सूल खाली पडतानाचा ‘पॉन’ या दोन आवाजांवरून पडलेले ‘गाशापॉन’ हे नाव तिने आपलेसे केले. आज त्याच यंत्रांतून साधारण ३०० ते ५०० येनांत यंत्रमानव, चिलखती पोशाखातले अंतराळसैनिक आणि लढाऊ वाहने सुट्या भागांच्या रूपात मिळतात. ही छोटी किट दिसायला सोपी असतात. पण मोठ्या खोक्यातल्या किटवर वर्षानुवर्षे हात बसलेली माणसेही इथे वारंवार फसताना मी पाहिली आहेत. हे कौशल्याच्या अभावामुळे होत नाही. ६५ किंवा ७५ मिलिमीटर व्यासाच्या कॅप्सूलमध्ये मावावे, पडताना मोडू नये आणि सांधेही हलावेत, म्हणून एकाच बाहुल्यात अनेकदा तीन-चार प्रकारचे प्लास्टिक वापरलेले असते आणि आपण मात्र सवयीने सगळे भाग एकाच प्लास्टिकचे आहेत असे धरून चालतो.

प्लास्टिक न ओळखता कामाला लागणे

छाती, पाय यांसारखे कडक भाग बहुधा एबीएस किंवा पॉलिस्टायरिनचे असतात. अँटेना, बंदुकीची नळी, बोटे असे टोकदार भाग मऊ पीव्हीसीचे असतात, कारण ते वाकले तरी तुटत नाहीत. काही सांध्यांत पॉलिइथिलीनच्या किंवा पीओएमच्या गुळगुळीत खुंट्या बसवलेल्या असतात. रंग सारखाच असल्यामुळे नजरेला हा फरक कळत नाही. म्हणून प्रथम कॅप्सूलमधला कागद नीट वाचावा, कारण त्यावर अनेकदा सामग्रीची नोंद असते. भाग चौकटीला जोडलेले असतील, तर त्या चौकटीवर उठवलेली अक्षरेही पाहावीत.

नोंद सापडली नाही, तर दोन सोप्या चाचण्या आहेत. भागाच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूवर नख दाबावे: मऊ पीव्हीसीवर नखाची खूण किंचित उमटते किंवा तो भाग रबरासारखा दबतो, तर एबीएस आणि पॉलिस्टायरिन तसूभरही हलत नाहीत. दुसरी चाचणी पाण्याची. साबणाचा एक थेंब घातलेल्या वाटीभर पाण्यात भाग पूर्ण बुडवावा, त्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने काढावेत आणि मग तो सोडावा. पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन वर येऊन तरंगतात. एबीएस, पॉलिस्टायरिन, पीव्हीसी आणि पीओएम तळाशी जातात. या पाच मिनिटांच्या कामाचा मी आग्रह धरतो, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावरच उभा आहे.

ओळख पटली की सगळे भाग कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या मऊ दातब्रशने धुऊन सावलीत वाळवावेत. साच्यातून भाग सुटावा म्हणून वापरलेल्या तेलकट थराचा अंश पृष्ठभागावर राहिलेला असू शकतो आणि त्यावर दिलेला रंग नखाने सोलून निघतो.

चुकीचा गोंद

प्लास्टिक विरघळवून जोडणारा पातळ मॉडेल सिमेंट पॉलिस्टायरिनवर उत्तम चालतो. एबीएससाठी मात्र त्याच्या नावाने मिळणारा सिमेंटच घ्यावा, कारण संत्र्याच्या वासाचे सौम्य सिमेंट तिथे कमी पडते. पीव्हीसीचा भाग मॉडेल सिमेंटने जोडला, तर तो दुसऱ्या दिवशी जरा धक्का लागताच निखळतो, कारण तिथे प्लास्टिक एकमेकांत मिसळलेलेच नसते. पीव्हीसीसाठी झटकन चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद घ्यावा. पॉलिइथिलीन आणि पीओएम यांना गोंद जवळजवळ धरतच नाही, तिथे ०.८ मिलिमीटरचे भोक पाडून पितळी तार घालणे हाच भरवशाचा उपाय आहे.

सायनोॲक्रिलेटची वाफ पारदर्शक भागावर पांढरा धूसर थर सोडते. यंत्रमानवाचा डोळा किंवा वाहनाची खिडकी या गोंदाने चिकटवू नये. सुकल्यावर पारदर्शक होणारा पांढरा गोंद तिथे पुरेसा असतो.

वाकलेली शस्त्रे आणि ढिले सांधे

कॅप्सूलमध्ये दाबून भरल्यामुळे लांब नळी किंवा तलवार हमखास वाकलेली निघते. ती हाताने उलट दिशेने वाकवून सरळ होत नाही. काही तासांत पुन्हा पूर्वीच्या जागी येते. पीव्हीसीचा भाग ७० ते ८० अंश सेल्सियसच्या पाण्यात चिमट्याने धरून १५-२० सेकंद बुडवावा, सरळ करावा आणि तसाच धरून लगेच थंड पाण्यात घालावा. हीच युक्ती पॉलिस्टायरिनवर उकळत्या पाण्याने केली, तर भागाच्या कडा मऊ पडून कोरीवकाम बिघडते. कडक भाग वाकलेला असेल, तर तो तसाच सोडणे बरे.

सांधा ढिला असेल, तर खुंटीवर सायनोॲक्रिलेटचा अगदी पातळ थर द्यावा आणि तो *पूर्ण* सुकल्यावरच खुंटी भोकात घालावी. घाई केल्यास सांधा कायमचा चिकटतो. सांधा घट्ट असेल, तर जोर करू नये. सिलिकॉन ग्रीसचा टिपका पुरतो, मात्र ग्रीस लागलेल्या जागी पुढे रंग धरणार नाही हे ध्यानात ठेवावे.

रंगाच्या चुका

या विषयावर मी जास्त लिहितो, कारण माझे सर्वात मोठे नुकसान इथेच झाले. एका चिलखती सैनिकाचे दोन्ही हात मी लॅकर स्प्रेने हिरवे रंगवले. दुसऱ्या दिवशी ते कोरडे आणि सुरेख दिसत होते. तीन आठवड्यांनी पाहिले, तेव्हा हातांवर बोटाचा ठसा उमटत होता आणि त्यांवर धुळीचा थर घट्ट बसला होता, पण त्याच दिवशी त्याच डब्यातून रंगवलेली छाती मात्र ठणठणीत होती. हात पीव्हीसीचे होते. मऊ पीव्हीसीत मिसळलेला मार्दवकारक द्रव हळूहळू पृष्ठभागावर येतो आणि वरच्या रंगात शिरून त्याला चिकट करतो. त्यामुळे पीव्हीसीवर मऊ प्लास्टिकसाठीचा रंग किंवा पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंगच वापरावा आणि आधी आतल्या बाजूला छोटा ठिपका देऊन आठवडाभर थांबावे.

दुसरा धोका एबीएसचा. पत्र्यांच्या जोडरेषा उठून दिसाव्यात म्हणून आपण इनॅमल रंग थिनरने पातळ करून खाचांत सोडतो. तो द्रव भेगांतून आत झिरपून ताणाखाली असलेल्या खुंटीपर्यंत पोहोचला, की एबीएस तडकते आणि पाय मांडीपासून वेगळा होतो. हे काम भाग सुटे करून, सांध्यावरचा ताण काढून आणि शक्यतो आधी दिलेल्या पारदर्शक थरावरच करावे. उघड्या एबीएसवर पाण्यात मिसळणारा रंग अधिक सुरक्षित असतो.

दमट हवेत मॅट स्प्रे मारू नये, त्याने पांढुरकी झाक येते. थर पातळ द्यावेत. इतक्या लहान पृष्ठभागावर एकाच जाड थराने सगळ्या खाचा भरून जातात आणि त्या पुन्हा उघडता येत नाहीत. थिनर ओतण्यासाठी कॅप्सूलची वाटी वापरण्याचा मोह होतो. दुधाळ लवचीक वाटी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते आणि टिकते, पण काचेसारखी पारदर्शक वाटी पॉलिस्टायरिनची असेल, तर ती टेबलावरच विरघळू लागते.

प्रमाणाचा विसर

एकाच्या पाठीवर दुसऱ्याचे पंख, तिसऱ्याची तोफ असे बदल करण्यातच या छंदाची खरी गोडी आहे. अनेक कंपन्यांच्या किटमध्ये ३ मिलिमीटरची खुंटी चालते, पण सगळ्यांत नाही. भोक वाढवण्यापूर्वी कॅलिपरने मोजावे. मापे जुळली तरी प्रमाण जुळेलच असे नाही. १.७ मीटर उंचीचा माणूस १/१४४ प्रमाणात जेमतेम १२ मिलिमीटर उंच असतो, तर १/३५ प्रमाणात जवळजवळ ४९ मिलिमीटर. १/३५ ची शिडी १/१४४ च्या यंत्रावर लावली, तर चालकाला ती कधीच चढता येणार नाही आणि पाहणाऱ्याच्या मनातले यंत्राचे प्रचंड आकारमान क्षणात नाहीसे होते.

हाच हिशेब झिजलेल्या रंगाच्या खुणांनाही लागू पडतो. १/१४४ च्या यंत्रावर १ मिलिमीटरचा ओरखडा म्हणजे खऱ्या यंत्रावरचा १४ सेंटिमीटरहून लांब घाव. मोठ्या मॉडेलवरच्या सवयीने स्पंजचे ठिपके दिले, तर लढून आलेले यंत्र न दिसता रंग सोललेले खेळणे दिसते. सर्वात बारीक ब्रशने, फक्त कडांवर, आणि मनात येईल त्याच्या निम्म्याच खुणा द्याव्यात.

शेवटची जोडणी करताना खुंटीवर आलेला रंग चाकूच्या पात्याने हलकेच खरवडावा. रंगाच्या थराने खुंटी जाड होते, आपण जोर करतो आणि ती भोकातच तुटते. तुटलीच, तर तुकडा टोकरू नये. त्याच्या मधोमध बारीक ड्रिल हाताने फिरवून भोक पाडावे, त्यात छोटा स्क्रू दोन आटे घालावा आणि सरळ रेषेत ओढावे. तुकडा स्क्रूसोबत बाहेर येतो आणि त्या जागी पितळी तारेची नवी खुंटी बसवता येते.