चिखलकाल्याला जाण्यापूर्वी

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी गोव्यात माशेलला देवकीकृष्णाच्या देवळापुढे चिखलकालो रंगतो. अंगाला तेल चोपडलेली लहानथोर मंडळी चिखलात लोळतात, आणि त्यात कुणाला खरचटतं, कुणाच्या पायात काच घुसते. जखम मातीने माखणार हे धरूनच घरातून निघायचं.

सगळ्यांत आधी, आठवडाभर अगोदर, घरातल्या प्रत्येकाच्या धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख शोधा. लहानपणचे डोस पूर्ण असले तरी मातीच्या जखमेला शेवटच्या डोसानंतर ५ वर्षं उलटली की पुन्हा डोस लागतो. १० वर्षांचा हिशेब स्वच्छ, किरकोळ जखमेचा. आजी-आजोबांचे मुळातले डोस झालेत की नाही हेच पुष्कळदा ठाऊक नसतं, तेव्हा डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि हवा न लागणाऱ्या खोल जखमेत वाढतात. म्हणून फुटलेल्या गुडघ्यापेक्षा खिळ्याच्या बारीकशा भोकाची मला जास्त धास्ती वाटते.

पिशवीत साबण, गॉझ, चिकटपट्टी, हातमोजे आणि पिण्याचं पाणी घ्या, पाणी भरपूर घ्या. जवळचा नळ कुठे आहे तेही पोचल्यावर लगेच बघून ठेवा. रक्त वाहत असेल तर आधी स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. ते थांबलं की जखमेवर पाण्याची धार धरा, ५-१० मिनिटं, मूल रडलं तरी. तेलामुळे चिखल कातडीला धरून बसतो, म्हणून भोवतीची कातडी साबणाने धुवा. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घरीच राहू दे, जखमेतल्या चांगल्या पेशीही त्यांनी मरतात. हळद, कॉफी पावडर, चुना तर नकोच. खोल रुतलेली वस्तू उपसू नका. तशीच आधार देऊन बांधा आणि दवाखाना गाठा. मोठं काही झालं तर १०८ ला फोन करा, बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ, आहे. तिथे लगेच टाके घातले नाहीत म्हणून वाद घालू नका. घाण आत कोंडू नये म्हणून अशी जखम उघडी ठेवून काही दिवसांनी शिवतात. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मनाने घेऊ नका.

मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी आणि आधीच जखम असलेल्यांनी चिखलात उतरूच नये, काठावरून भजन ऐकावं. लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित चिखलपाण्यातून होणारा ताप, जखमेवाटे शिरतो, डोळे-नाक-तोंडावाटेही शिरू शकतो. पुढच्या महिन्याभरात ताप आला, पोटऱ्या दुखल्या किंवा डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना चिखलात खेळल्याचं पहिल्यांदा सांगा.