दगडफूल की शेवाळ? रंगावर जाऊ नका

पावसाळ्यात आमच्या फोंड्याच्या घरी सगळंच हिरवं होतं. चिऱ्यांचा गडगा (कुंपणाची भिंत), अंगणाच्या कडा, माडांची खोडं. आणि या सगळ्याला सरसकट ‘शेवाळ’ म्हणून आम्ही मोकळे होतो. पहिली चूक तिथेच.

रंगावरून ओळखायला गेलात तर हमखास फसाल. माडाच्या खोडावर कडा कातरलेल्या राखाडी चकत्या दिसतात ना, त्यांतलं एक पिक्सिन कोकोज. हे लायकेन, म्हणजे दगडफुलाच्या गोतावळ्यातलं. भिजलं की त्याची वरची साल पारदर्शक होते, आतलं शैवल (अल्गी) दिसतं आणि खोड हिरवट भासतं. उलट गडग्यावरचं हायोफिला इन्व्होल्युटा हे खरंखुरं शेवाळ (मॉस), पण मार्चमध्ये ते करपल्यासारखं काळपट होतं.

तेव्हा पाण्याचे दोन थेंब टाका आणि भिंग धरा. सुकलेल्या हायोफिलाची आत मुडपलेली इवली पानं बघता बघता उलगडतात, चांदणीसारखी पसरतात. मला अजूनही हे बघायचा कंटाळा येत नाही. लायकेनचा रंग बदलेल, पण उलगडायला त्याला पानंच नाहीत. तो बुरशी आणि शैवलाचा एकत्र संसार. रात्री नोटा तपासायचा अतिनील टॉर्च खोडावर मारलात तर पिक्सिन पिवळं चमकतं.

दुसरी चूक महागात पडते: माडाला रोग लागला समजून खोड कोयत्याने खरवडणं. मीही एकदा पाडेल्याला (नारळ पाडणाऱ्याला) हे करायला लावलं होतं. लायकेन माडाकडून काही घेत नाही, नुसतं बसायला जागा घेतं. पण खोडाला जखम झाली की सोंड्या भुंगा तिथे अंडी घालतो, आणि मग माड खरंच जातो.

खरवडलेलं मसाल्यातही घालू नका. वाण्याकडचं दगडफूल हे पार्मोट्रेमा, ते वेगळं.

गडग्यावर तारेचा ब्रश नको. चिरा झिजतो आणि पुढच्या पावसात शेवाळ परत हजर. त्यापेक्षा पन्हळ कुठे गळते ते बघा. अंगणात पाय घसरवणारं बुळबुळीत हिरवं मात्र बहुतेकदा या दोघांपैकी कुणीच नसतं, ते नुसतं शैवल. तिथे खराटा आणि ब्लीचिंग पावडर खुशाल वापरा.